रामनगरमची माळ: ‘सुरक्षित दिवस’ डॉक्टरांना कुणी शिकवले?

आजच्या भागाची सुरुवात ‘शोले’पासून. घाबरू नका, सिनेमाचा भाग नाहीये. पण ‘शोले’तलं रामगड जिथे उभं केलं होतं, ते बंगळूरुपासून साधारण पन्नास किलोमीटरवरचं रामनगरम. मोठमोठे खडक, रेशमाच्या कोषांचा बाजार, आणि मधून जाणारा म्हैसूरचा रस्ता. गब्बर तिथे यायच्या वीसेक वर्षं आधी या गावात एक वेगळीच मंडळी आली होती. त्यांच्या हातात बंदुका नव्हत्या, मण्यांच्या माळा होत्या. हिरवे मणी, लाल मणी. आणि गावातल्या बायकांना ती मंडळी सांगत होती, की रोज एक मणी सरकवा. लाल मणी आला की नवऱ्यापासून लांब राहा.

हे साल १९५२ च्या आसपासचं. पाठवणारं सरकार आपलं, आणि सोबतीला जागतिक आरोग्य संघटना. जगात सरकारी पातळीवर कुटुंबनियोजनाचा कार्यक्रम पहिल्यांदा सुरू करणारा देश म्हणून आपण भारताचं नाव घेतो ना, त्या कार्यक्रमाचं पहिलं पाऊल म्हणजे ही माळ. निरोध नाही, तांबी नाही, नसबंदी नाही. माळ!

मला हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा हसू आलं होतं. नंतर जरा खोलात गेल्यावर हसू गेलं. कारण ही गोष्ट माळेची नाहीच. बाईच्या शरीरातलं एक साधं वेळापत्रक डॉक्टरांना कधी कळलं, त्यांनी ते कुणाला शिकवलं, आणि कुणाला शिकवायचं राहून गेलं, याची ती गोष्ट आहे.

तर थोडं मागे जाऊ.

स्त्रीबीज महिन्यातून नेमकं कधी सुटतं? आज दहावीच्या पुस्तकात उत्तर असतं. एकोणिसाव्या शतकात युरोपातल्या भल्याभल्या डॉक्टरांना ते माहीत नव्हतं. आणि ‘माहीत नाही’ असं ते म्हणाले असते तरी चाललं असतं. पण त्यांनी चुकीचं उत्तर ठामपणे दिलं. १८४० च्या दशकात फ्रान्समध्ये पूशे, रासिबोर्स्की ही शास्त्रज्ञ मंडळी काम करत होती. त्यांनी जनावरांकडे पाहिलं. कुत्री माजावर येते तेव्हा तिला थोडा रक्तस्राव होतो, आणि त्याच सुमाराला ती गाभण राहते. मग बाईची पाळी म्हणजे तसंच काहीतरी असणार! निष्कर्ष असा निघाला, की पाळीच्या आगेमागे गर्भ राहतो आणि दोन पाळ्यांच्या मधले दिवस निर्धोक.

म्हणजे बरोब्बर उलटं. ज्या जोडप्यांना मूल नको होतं त्यांना सगळ्यात धोक्याचे दिवस ‘सुरक्षित’ म्हणून सांगितले गेले, आणि हे जवळजवळ ऐंशी वर्षं चाललं. डॉक्टरांवर विश्वास ठेवून हिशेब पाळणाऱ्या किती घरांत पाळणा हलला असेल, त्याची मोजदाद कुणी ठेवलेली नाही.

(इथे कुणीतरी कॉमेंट टाकणारच, म्हणून आधीच बोलून घेतो. आपल्याकडे सुश्रुतसंहितेत ऋतुकाल बारा रात्रींचा सांगितलाय, मनुस्मृतीत पाळीच्या पहिल्या दिवसापासून सोळा रात्री. नियमित पाळी असेल तर फलनाचे दिवस बहुतेकदा या सोळांत येतात, त्यामुळे फ्रान्सच्या त्या मंडळींपेक्षा हा अंदाज बरा होता हे मान्य. पण त्याच मनुस्मृतीत सम रात्री मुलगा आणि विषम रात्री मुलगी होते असंही आहे. तेव्हा निवडक अभिमान नको.)

खरं उत्तर आलं जपानमधून. निइगाता नावाच्या शहरात क्यूसाकू ओगिनो म्हणून एक स्त्रीरोगतज्ज्ञ होते. मोठ्या विद्यापीठाचे प्राध्यापक नाहीत, एका खासगी इस्पितळात शस्त्रक्रिया करणारे डॉक्टर. पोट उघडायची वेळ आली की ते बीजांडकोशाकडे बारकाईने पाहायचे, स्त्रीबीज सुटून गेल्याची खूण आहे का, असली तर किती ताजी. आणि त्या बाईच्या पाळीच्या तारखांशी ते ताडून बघायचे. वर्षानुवर्षं. त्यातून त्यांच्या लक्षात आलं, की सगळे लोक मोजतायत तेच चुकीच्या टोकाकडून. आधीच्या पाळीपासून पुढे मोजून काही हाती लागत नाही. पुढच्या पाळीपासून मागे मोजा. स्त्रीबीज पुढची पाळी यायच्या बारा ते सोळा दिवस आधी सुटतं. चक्र अठ्ठावीस दिवसांचं असो की छत्तीस, मागची बाजू बरीचशी ठरलेली. कमीजास्त होते ती पुढची बाजू.

हे त्यांनी १९२४ मध्ये जपानी भाषेत छापलं. बाकीच्या जगाला १९३० मध्ये, जर्मन मासिकात आल्यावर कळलं. तोवर ऑस्ट्रियात हेरमान क्नाउस यांनी स्वतंत्रपणे जवळपास तेच शोधलं होतं, म्हणून दोघांची नावं जोडून घेतली जातात. पुढे अमेरिकेत शिकागोच्या लिओ लॅट्झ नावाच्या डॉक्टरने १९३२ मध्ये यावर पुस्तक लिहिलं आणि ‘रिदम’ हा शब्द रूढ झाला.

आता यातली मेख ऐका. ओगिनोंना ही पद्धत गर्भ टाळण्यासाठी वापरायला नको होती. ज्यांना मूल हवंय त्यांना योग्य दिवस कळावा, हा त्यांचा हेतू. टाळण्यासाठी वापराल तर फसाल, असं ते सांगत राहिले. कारण पुढची पाळी कधी येणार हे आधी कुणाला ठाऊक असतं? मागून मोजायचं तर शेवट माहीत हवा! म्हणून मग अंदाज बांधावा लागतो. गेल्या काही महिन्यांतलं सगळ्यात लहान चक्र घ्या, त्यातून अठरा वजा करा. सगळ्यात मोठं घ्या, त्यातून अकरा वजा करा. समजा तुमचं चक्र २६ ते ३१ दिवसांत हलतं, तर आठव्या ते विसाव्या दिवसापर्यंत सांभाळायचं. पण बाई अंगावर पाजत असेल, पाळीच आली नसेल, आजारी असेल, तर हे गणित कोसळतं.

आणि आता महाराष्ट्रात येऊ. रघुनाथ धोंडो कर्वे. मुंबईत १९२१ मध्ये त्यांनी संततिनियमनाचं केंद्र काढलं. हे गणिताचे प्राध्यापक. या कामापायी विल्सन कॉलेजातली नोकरी १९२५ मध्ये गेली. १९२७ पासून १९५३ पर्यंत, म्हणजे मरेपर्यंत, ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालवलं. अमोल पालेकरांचा ‘ध्यासपर्व’ तुम्ही पाहिला असेल. माझ्या मते कर्व्यांबद्दल एक गोष्ट पुरेशी बोलली जात नाही. जे काम डॉक्टरांनी करायचं ते गणिताच्या मास्तरांना करावं लागलं, कारण त्या काळच्या बहुतेक डॉक्टरांना या विषयाला हात लावायची लाज वाटत होती. वैद्यकीय शिक्षणात तो नव्हताच. ज्याला शिकवलंच नाही तो पेशंटला काय सांगणार?

कर्व्यांचा भर साधनांवर होता. गांधीजींचा साधनांना ठाम विरोध. डिसेंबर १९३५ मध्ये मार्गारेट सँगर वर्ध्याला त्यांना भेटायला आल्या, दोन दिवस वाद झाला, कुणीच हललं नाही. पण त्या चर्चेत सुरक्षित दिवसांचा मुद्दा निघाला, तेव्हा गांधीजी किंचित मऊ पडले. त्यात निदान काही दिवसांचा संयम तरी आहे, असा त्यांचा कल. हा एवढासा धागा, पण पुढच्या सरकारी धोरणात तो थेट उतरला.

कारण स्वतंत्र भारताच्या पहिल्या आरोग्यमंत्री राजकुमारी अमृत कौर. गांधीजींच्या वर्षानुवर्षांच्या सचिव. कृत्रिम साधनं त्यांना अमान्य. त्यांनी जागतिक आरोग्य संघटनेकडे मदत मागितली ती रिदम पद्धतीपुरती. आणि त्या संघटनेचीही अडचण अशी, की कॅथलिक देश या विषयावर बिथरलेले. १९५२ च्या अधिवेशनात नॉर्वेचे डॉक्टर कार्ल एवांग यांनी लोकसंख्येचा विषय हाती घ्या असं सुचवलं, तर इतका गदारोळ झाला की प्रस्ताव मागे घ्यावा लागला. आणि रिदमला? ऑक्टोबर १९५१ मध्ये पोप पायस बारावे यांनी जाहीर मान्यता दिली होती. कुणासमोर? इटलीतल्या सुईणींच्या मेळाव्यात. म्हणजे दिल्लीतला गांधीवाद आणि रोममधला धर्मविचार, दोघांची गाडी एकाच स्टेशनावर येऊन थांबली.

भारतात पाठवलं कुणाला, तर डॉ. अब्राहम स्टोन यांना. आणि हे स्टोन म्हणजे न्यूयॉर्कच्या मार्गारेट सँगर क्लिनिकचे संचालक! आयुष्यभर ज्यांनी बायकांना साधनं बसवून दिली, त्यांना सांगण्यात आलं की भारतात फक्त दिवस मोजायला शिकवा. ते आले. दोन केंद्रं निघाली. एक दिल्लीच्या लोधी कॉलनीत, सरकारी नोकरांच्या वसाहतीत, दुसरं रामनगरमला. पहिल्या पंचवार्षिक योजनेत कुटुंबनियोजनाला एकूण ६५ लाख रुपये ठेवले होते, त्या काळातलं हे काम.

लोधी कॉलनीत भिंतीवर कॅलेंडर असायचं, वाचता येणाऱ्या बायका होत्या. रामनगरमला कॅलेंडर घेऊन काय करणार? म्हणून माळ. प्रत्येक बाईच्या चक्राप्रमाणे मणी ओवून दिलेले. कल्पना वाईट नव्हती हो. जपमाळ ओढणाऱ्या देशात मणी सरकवणं कुणाला अवघड जाणार?

पण रात्री अंधारात हिरवा कुठला आणि लाल कुठला, हे दिसेना. कंदिलाच्या उजेडात रंग ओळखू येत नाही, हे न्यूयॉर्कहून आलेल्या माणसाला कसं सुचावं. मग मण्यांचे आकार वेगळे करावे लागले, हाताला कळावेत म्हणून. माळ गळ्यात घातली तर अख्ख्या गल्लीला कळतं आज काय आहे ते. काही बायका मणी उलट्या दिशेने सरकवायच्या. आणि काहींना वाटलं, माळेतच गुण आहे. मणी सरकवला की झालं, बाकी काही पाळायची गरज नाही. हे किस्से पुढे वर्षानुवर्षं परिषदांमधून सांगितले गेले, आणि त्यात तिखटमीठ पडत गेलं असणार. खेडवळ बाईला हसायची ती सोय होती. मला विचाराल तर हसण्यासारखं त्यात फार नाही. जिला तिच्या शरीरात काय चाललंय हे कुणी सांगितलंच नाही, फक्त वस्तू हातात दिली, ती त्या वस्तूला ताईत समजली तर तिचं काय चुकलं?

शिवाय सुरुवातीलाच मोठी चाळणी लागली. अंगावर पाजणाऱ्या, पाळी अनियमित असलेल्या, नुकत्याच बाळंत झालेल्या अशा सगळ्यांना हे गणित लागूच नव्हतं. आणि त्या काळच्या खेड्यात तरुण बाई बहुतेक यातल्याच कुठल्या तरी अवस्थेत असायची. त्यात लाल मण्याच्या रात्री ‘नाही’ म्हणायचा हक्क तिला होता का, हा प्रश्न तर माळेत ओवलेलाच नव्हता.

थोडक्यात, प्रयोग फसला. लवकरच सरकार साधनांकडे, मग शस्त्रक्रियेकडे वळलं. आणि इथे एक गोष्ट घडली, जी मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. नसबंदी मोजता येते. तांबी मोजता येते. आकडा वर पाठवता येतो. आणीबाणीत १९७६-७७ या एका वर्षात ८० लाखांहून जास्त नसबंदीच्या शस्त्रक्रिया झाल्या, तो टार्गेटचा कळस. पण ‘या बाईला तिची पाळी समजली’ हे कुठल्या रकान्यात भरणार? शिकवण्याला टार्गेट लागत नाही, म्हणून शिकवण्याला पैसाही लागला नाही.

आता जरा ऑस्ट्रेलियात जाऊ. मेलबर्नमध्ये १९५३ मध्ये जॉन बिलिंग्ज नावाच्या डॉक्टरांना जोडप्यांना सल्ला देण्याचं काम सांगण्यात आलं. हे मेंदूविकारतज्ज्ञ! त्यांनी जुनी वैद्यकीय पुस्तकं चाळली आणि त्यांना दिसलं, की स्त्रीबीज सुटायच्या सुमाराला गर्भाशयाच्या मुखाशी येणारा स्राव बदलतो, अशा नोंदी विखुरलेल्या पडल्यायत. आधी कोरडं, मग चिकट, मग पातळ, निसरडं, अंड्याच्या पांढऱ्या बलकासारखं ताणलं जाणारं, आणि मग पुन्हा बंद. मग त्यांनी अगदी साधी गोष्ट केली. बायकांना विचारलं. आणि बायका म्हणाल्या, हो, होतं तसं, आम्हाला ठाऊक आहे. कुणी कधी विचारलं नव्हतं, इतकंच.

साठीच्या दशकात त्यांच्या पत्नी डॉ. एव्हलिन बिलिंग्ज कामात आल्या. जेम्स ब्राउन या रसायनतज्ज्ञाने लघवीतली संप्रेरकं मोजून बायकांचं निरीक्षण तपासलं आणि ते जुळलं. ओगिनोंचं गणित मागच्या महिन्यांवरून पुढचा अंदाज करायचं. इथे आजचं शरीर आजच सांगत होतं. सकाळचं तापमान घ्यायची पद्धत होतीच. स्त्रीबीज सुटल्यावर तापमान किंचित चढतं, हे डच डॉक्टर व्हॅन डी व्हेल्डे यांनी १९०४ मध्येच दाखवलं होतं. ऑस्ट्रियाच्या योसेफ र्‍योत्सर यांनी दोन्ही खुणा एकत्र केल्या.

मग सत्तरच्या दशकाच्या अखेरीस जागतिक आरोग्य संघटनेने पाच ठिकाणी बिलिंग्ज पद्धतीची चाचणी घेतली. ऑकलंड, डब्लिन, मनिला, एल साल्वाडोरमधलं सान मिगेल, आणि पाचवं… बंगळूरु. रामनगरमपासून तासाभराच्या अंतरावर! या वेळी माळ दिली नाही, आधी तीन चक्रं शिकवलं. पहिल्याच चक्रात नव्वद टक्क्यांहून अधिक बायकांना आपला स्राव ओळखता आला, आणि त्यात निरक्षर बायकाही होत्या. पुढच्या टप्प्यात मात्र तेरा चक्रांत शंभरातल्या जवळपास वीस जणींना दिवस गेले. टीकाकारांनी तोच आकडा उचलला. खोलात पाहिलं तर त्यातला मोठा वाटा असा, की जोडप्याला दिवस कळलेला होता आणि तरीही त्यांनी नियम मोडला. पद्धतच फसली असे प्रसंग शंभर स्त्री-वर्षांमागे तीनच्या आत होते. दोन्ही आकडे खरे आहेत. पहिला दडवणारे भाबडे, दुसरा दडवणारे आळशी.

पण डॉक्टरांच्या डोक्यात राहिला तो पहिलाच. आजही इंग्रजी पाठ्यपुस्तकांत ‘नैसर्गिक पद्धती: अपयश वर्षाला २४ टक्के’ अशी ओळ सापडते. तो अमेरिकेतल्या सर्वेक्षणातला आकडा, आणि त्यात अंदाजपंचे दिवस मोजणारे आणि नीट शिकून तक्ता ठेवणारे सगळे एकाच पोत्यात भरलेले. २००७ मध्ये जर्मनीत ९०० बायकांच्या १७,६३८ चक्रांचा अभ्यास छापला गेला. तापमान आणि स्राव दोन्ही पाहणाऱ्या, शिकलेल्या बायका. तेरा चक्रांत शंभरात १.८. चोवीस आणि १.८ मधलं अंतर पद्धतीचं आहेच, पण शिकवणाऱ्या माणसाचंही आहे.

तुम्ही म्हणाल, गोळ्या आहेत, तांबी आहे, मग डॉक्टरांनी हे कशाला शिकायचं? ठीक आहे, गर्भनिरोधन बाजूला ठेवू. ‘अंगावरून पांढरं जातं’ ही तक्रार घ्या. आपल्याकडच्या कुठल्याही दवाखान्यात रोज ऐकू येते. डॉ. राणी आणि अभय बंग यांनी गडचिरोलीतल्या दोन गावांतल्या ६५० बायका तपासल्या, १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापलं. ९२ टक्के बायकांना स्त्रीरोग होते, आणि त्यातल्या फारच थोड्यांची आधी कधी तपासणी झाली होती. म्हणजे खरा आजार अंगावर काढणाऱ्या बायका आहेत. आणि दुसऱ्या टोकाला महिन्याच्या मध्यात चार दिवस येणारा निरोगी स्राव घाबरून दाखवायला येणाऱ्या, नाहक गोळ्या खाणाऱ्याही आहेत. या दोघींमधला फरक ओळखायला डॉक्टरने ‘महिन्यातल्या कुठल्या दिवशी, कसा?’ एवढं विचारायला हवं. ते विचारायला कुणीतरी शिकवायला हवं.

किंवा एकविसाव्या दिवसाची प्रोजेस्टेरॉनची तपासणी. मूल होत नसलेल्या बाईला लिहून देतात. ती तपासणी पुढच्या पाळीच्या सात दिवस आधी करायची असते. अठ्ठावीसच्या चक्रात तो एकविसावा दिवस येतो. जिचं चक्र पस्तीसचं आहे, तिची एकविसाव्या दिवशी केली तर स्त्रीबीज नुकतंच सुटलेलं किंवा सुटायचंच असणार, आणि रिपोर्ट म्हणणार ‘बीज सुटत नाही’. मग औषधं, मग रडारड. शंभर वर्षांपूर्वी ओगिनोंनी सांगितलेलं विसरल्याची ही किंमत. बाळंतपणाची तारीखही तशीच. शेवटच्या पाळीवरून काढायचा नेगेलेंचा नियम अठ्ठावीस दिवस गृहीत धरतो. सुरुवातीच्या महिन्यांतली सोनोग्राफी नसेल, तर लांब चक्राच्या बाईला ‘दिवस उलटून गेले’ म्हणून उगाच घाई होऊ शकते.

अमेरिकेतल्या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या आणि बालरोगतज्ज्ञांच्या संघटनांनी २००६ मध्ये एकत्र येऊन म्हटलं, की किशोरवयीन मुलींची पाळी ही नाडी-रक्तदाबासारखी आरोग्याची खूण माना, प्रत्येक भेटीत विचारा. आणि आपल्याकडे? २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात दिसतं, की साधारण दहा टक्के विवाहित बायका पारंपरिक पद्धतींवर, म्हणजे मुख्यतः दिवस मोजण्यावर किंवा ऐनवेळी बाजूला होण्यावर विसंबून आहेत. यातल्या कितीजणींना कुणी बसून शिकवलंय? बहुतेकींनी मैत्रिणीकडून, जावेकडून ऐकलेलं. आता मोबाईलमधल्या ॲपकडून.

शेवटी पुन्हा माळेकडे येतो. बंगळूरुसकट त्या पाच ठिकाणच्या बायकांनी ठेवलेले तक्ते वाया गेले नाहीत. हजारो चक्रांची ती माहिती घेऊन वॉशिंग्टनच्या जॉर्जटाउन विद्यापीठातल्या लोकांनी संगणकावर हिशेब केला. ज्यांचं चक्र २६ ते ३२ दिवसांत राहतं, त्यांनी आठवा ते एकोणिसावा दिवस सांभाळला तर पुरे. बोलिव्हिया, पेरू आणि फिलिपिन्समध्ये चाचणी झाली, २००२ मध्ये निकाल छापला. नीट पाळलं तर शंभरात पाचच्या आसपास दिवस जातात, प्रत्यक्ष वापरात बारा. आणि हे समजावायला त्यांनी काय बनवलं असेल?

माळच. बत्तीस मणी. एक लाल, मग सहा तपकिरी, बारा पांढरे, पुन्हा तेरा तपकिरी, आणि पुढे सरकवायची एक रबराची कडी. भारतात तिचं नाव ‘मालाचक्र’. झारखंडमध्ये सहियांना, म्हणजे तिथल्या आशाताईंना, तिचं प्रशिक्षण दिलं गेलं. आधी बाईला तिच्या गेल्या दोन पाळ्यांच्या तारखा विचारायच्या, नवऱ्याशी बोलणं होतं का ते विचारायचं, मग माळ द्यायची का नाही ते ठरवायचं. सत्ताविसावा मणी जरा गडद ठेवलाय. त्याच्या आधीच पाळी आली तर चक्र लहान आहे, ही पद्धत तुमच्यासाठी नाही, परत या, असं सांगायला.

आणि ते बारा पांढरे मणी अंधारात चमकतात.